बाप हा बदली कामगार नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या पत्रव्यवहारात गेल्या पंधरवड्यात एका ज्येष्ठ वाचकांनी अशी खंत व्यक्त केली होती की, हल्लीचे तरुण बाप गळ्यात झोळी अडकवून मुलांना मिरवतात, बायकोच्या मागेपुढे करतात आणि त्यामुळे घरातला पुरुष नावापुरता उरला आहे. मी त्यांच्याच वयाचा आहे. चिंचवडच्या एका कारखान्यात तीन पाळ्यांत 34 वर्षे काम करून निवृत्त झालो आहे. माझा अनुभव मात्र वेगळा आहे. तरुण बाप घराकडे वळत आहेत हे खरे. परंतु कायदा, कचेरी, दवाखाना आणि आम्ही वडीलधारी मंडळी अजूनही त्यांना बदली कामगारासारखे वागवतो.

ज्यांनी कारखान्याचे फाटक पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण देतो. हजेरीपटावर ज्याचे नाव आहे असा कायम कामगार गैरहजर राहिला, तर त्याच्या जागी जो घेतला जातो तो बदली. यंत्र तेच, काम तेच. पण जागा दुसऱ्याच्या नावावर. कायम माणूस परत आला की बदलीने डबा उचलायचा आणि घरी जायचे.

माझा मुलगा 1990 साली जन्मला. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे पत्नी पहिल्या बाळंतपणाला माहेरी, सातारा जिल्ह्यात गेली होती. मी तिसऱ्या दिवशी पेढे घेऊन पोहोचलो, सासूबाईंनी ‘मान सांभाळा’ असे बजावून बाळ दोन मिनिटे माझ्या हातात दिले, आणि दुसऱ्या दिवशी मी रात्रपाळीला हजर झालो. त्यानंतर गेलो तो एकदम बारशाला, पाहुण्यासारखा. माहेरच्या बाळंतपणाचा रिवाज वाईट होता असे मी म्हणणार नाही. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू आणि सव्वा महिन्याची विश्रांती सासरी मिळेलच याची शाश्वती नसलेल्या काळात त्याने पुष्कळ बायकांना सावरले आहे. पण ज्या तीन महिन्यांत आई बाळाचे भुकेचे रडणे कोणते आणि पोटदुखीचे कोणते हे ओळखायला शिकते, त्या तीन महिन्यांत बाप दुसऱ्या गावी असतो. पुढे दोघे एका छपराखाली आले की तिला सगळे येत असते, त्याला काहीच येत नसते, आणि या शिकण्या-न शिकण्यालाच आपण निसर्ग म्हणू लागतो. अर्थात नंतरही मला कोणी अडवले नव्हते, हे कबूल केले पाहिजे. पहिल्या पाळीच्या आठवड्यात मी दुपारी चारच्या आत घरी येत असे, चहा घेत असे आणि कट्ट्यावर जाऊन बसत असे.

माझा मुलगा खराडीतील एका माहिती तंत्रज्ञान कंपनीत नोकरीला आहे, सूनबाई बँकेत अधिकारी आहेत, आणि नात चौदा महिन्यांची आहे. दोघे आमच्याजवळच राहत असल्याने मी हे सारे रोज पाहतो. सूनबाईंची प्रसूती रजा संपल्यावर मुलाने आपली साठवलेली रजा जोडून दोन महिने घरी राहायचे ठरवले, तेव्हा वरिष्ठांचा पहिला प्रश्न होता, “घरी आजी नाहीत का?” लस टोचून घेण्यासाठी तो नातीला घेऊन गेला, तर तेथील बाईंनी “बाळाची आई कुठे आहे?” असे विचारले, मागच्या लशीची तारीख, बाळाचे वजन, त्या रात्री आलेला ताप हे सगळे त्याने तोंडपाठ सांगितल्यावरही “एकदा आईला फोन लावून द्या” हे ठरलेलेच होते. एका मॉलमध्ये बाळाचा डायपर बदलण्याची सोय फक्त महिलांच्या स्वच्छतागृहात निघाल्याने त्याने ते काम गाडीच्या मागच्या आसनावर उरकले. पाळणाघराच्या व्हॉट्सॲप गटावर अजूनही ‘सर्व ताईंनी उद्या जादा कपडे पाठवावेत’ असे निरोप येतात, आणि आमचे हे ताई निमूटपणे कपडे पाठवतात. यावर घरात आम्ही हसतो, पण बदलीला हजेरीपटावर जागा नसते ती अशी.

शासनाच्या नियमांतही हीच समजूत दिसते. मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी आईला 26 आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, हे योग्यच झाले. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला पितृत्व रजा मिळते ती 15 दिवसांची, आणि खासगी क्षेत्रातील बापासाठी असा कायदाच नाही. तेथे सारे मालकाच्या मर्जीवर. हिंगोलीचे तत्कालीन खासदार राजीव सातव यांनी 2017 साली पितृत्व लाभाचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते, पण त्याचा कायदा झाला नाही. त्याहून बोलका नियम बालसंगोपन रजेचा आहे. केंद्रीय सेवेतील महिलेला ती संपूर्ण सेवेत 730 दिवस मिळू शकते. पुरुषाला मिळते ती तो अविवाहित, विधुर किंवा घटस्फोटित असेल तरच. आपल्या राज्य शासनानेही 2018 साली 180 दिवसांची बालसंगोपन रजा दिली, ती महिलांना, आणि पुरुषांपैकी ज्यांना पत्नी नाही किंवा ज्यांची पत्नी असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली आहे त्यांना. म्हणजे आई हयात आणि धडधाकट असेल तोवर संगोपनाच्या रजेसाठी शासन बापाला ओळखत नाही. एकट्या बापाला ही सवलत मिळाली, ही त्या घरांसाठी मोठीच गोष्ट आहे, तिला माझा आक्षेप नाही. पण बदलीची याहून नेमकी व्याख्या मला करता आली नसती.

याचा फटका शेवटी बाईलाच बसतो. 26 आठवड्यांच्या पगाराचा भार मालकावर पडतो आणि रजा घेणार ती बाईच, हे ठरून गेलेले असल्यामुळे मुलाखतीत लग्नाचा आणि मुलाबाळांचा प्रश्न मुलीलाच विचारला जातो. मुलाला तो कोणी विचारत नाही.

पुरुषांवर अन्याय होतो असे रडगाणे मला गायचे नाही. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात दिवसभरात बिनपगारी घरकाम करणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांत 81.2 टक्के आणि पुरुषांत 26.1 टक्के आढळले. जे करतात त्यांतही बायकांची रोजची 299 मिनिटे आणि पुरुषांची 97. चारांतले जवळजवळ तीन पुरुष त्या दिवशी घरकामाकडे फिरकलेच नाहीत, आणि त्यांना कोणत्या कायद्याने अडवले होते असे विचारले तर उत्तर नाही. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बालकांच्या नावापुढे आईचे नाव लावणे राज्याने बंधनकारक केले. आई कागदावर आली. बाप अजून मोरीपर्यंत आलेला नाही. पुण्यात या विषयावर लिहिताना फुले आणि कर्वे यांची नावे घ्यायची पद्धत आहे, ती मी मुद्दाम टाळतो, कारण घरची भांडी न घासता ती नावे घेण्यात माझी पिढी फार वाकबगार होती.

तरुणांपुढची एक अडचण मात्र आम्हाला नव्हती. भाच्याच्या लग्नासाठी एका वधू-वर सूचक मंडळात अर्ज चाळताना दिसले की, मुलीकडच्यांना पुण्यात स्वतःचा फ्लॅट, मुलीपेक्षा अधिक पगार आणि शिवाय घरात बरोबरीने काम करणारा मुलगा हवा असतो. मुलाकडच्यांना नोकरी करणारी पण गृहकृत्यदक्ष मुलगी हवी असते. दोन्हीकडे जुन्या यादीतले काही न खोडता खाली नवे लिहिले आहे. पगारात मागे राहिलेला नवरा नातेवाइकांत अजूनही चेष्टेचा विषय होतो, आणि अशा घरात दोन महिने रजा घेऊन मूल सांभाळायला धाडस लागते.

राज्य शासनाने बालसंगोपन रजेतील पत्नीविषयीची अट काढावी आणि रजेचा काही भाग बापाच्याच नावे, आईला देता येणार नाही असा राखून ठेवावा, म्हणजे ‘घरी आजी नाहीत का’ या प्रश्नाला नियमाचे उत्तर राहील. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांनी आपल्या उद्यानांत आणि रुग्णालयांत बाळाचे कपडे बदलण्याची फळी पुरुषांच्या बाजूलाही लावावी. तिला खर्च तो किती येणार?

ज्येष्ठ पत्रलेखकांना एक जुना नियम आठवत असेल. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफच्या, म्हणजे काम नसल्याने कामगाराला तात्पुरते घरी बसवण्याच्या, भरपाईच्या कलमात बदली कामगाराची व्याख्या होती, आणि तिच्यातच पुढे म्हटले होते की, त्याने एक वर्ष सलग सेवा पूर्ण केली की त्या कलमापुरता तो बदली गणला जाणार नाही. एक वर्ष म्हणजे हिशेबाला आम्ही कामाचे 240 दिवस धरत असू. माझ्या मुलाचे ते केव्हाच पूर्ण झाले आहेत.

आपला,
एक निवृत्त कामगार,
बिबवेवाडी, पुणे
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)