भीतीपोटी गेलेले आठ महिने

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबई पोलिसांनी आपल्या नाशिकजवळच्या शिंदे गावातील एमडी (मेफेड्रोन) या अमली पदार्थाचा कारखाना उघडकीस आणला, तेव्हा माल किती कोटींचा, याचीच चर्चा आमच्याही घरी झाली. त्याच एमडीची पुडी पुढे आपल्या सोळा वर्षांच्या मुलाच्या दप्तरात सापडेल, असे मनातही आले नव्हते.

एका पहाटे अंबड औद्योगिक वसाहतीतली रात्रपाळी संपवून मी घरी आलो, तर तो जुन्या वर्तमानपत्रावर सायकलचे सुटे भाग ओळीने मांडून तीच चेन पुन्हा पुन्हा पुसत बसला होता. दोन रात्री त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता आणि जबडा काही चावत असल्यासारखा सारखा हलत होता. अकरावीचा ताण असेल, अशी आम्ही स्वतःचीच समजूत घातली. महिनाभरात सायकल गेली, मग धाकटीच्या गल्ल्यातली भाऊबीजेची ओवाळणी गेली. ती ताटात घालणारा भाऊ आणि काढून नेणारा भाऊ एकच, हे दहा वर्षांच्या मुलीला कसे सांगायचे, ते आम्हाला अजून उमगलेले नाही. ती आता गल्ला उशाशी घेऊन झोपते.

कळल्यानंतरही आम्ही आठ महिने कोणाकडे गेलो नाही, कारण पोलिसांत नाव जाईल आणि मुलाचे आयुष्य तिथेच संपेल, अशी भीती होती. अमली पदार्थविरोधी कायद्यातील कलम 64-अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात पदार्थ बाळगल्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती शासकीय वा शासनमान्य रुग्णालयात स्वेच्छेने उपचार घेत असेल, तर तिच्यावर त्याबद्दल खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र हे संरक्षण काढून घेता येते. ही गोष्ट आम्हाला एका समुपदेशक ताईंनी सांगितली. तोवर मुलाचे वजन अकरा किलोंनी उतरले होते.

त्यानंतरही दोन व्यसनमुक्ती केंद्रांनी ‘अठराच्या आतले घेत नाही’ असे सांगून परत पाठवले. मोठ्या व्यसनींमध्ये मुलांना ठेवू नये हे खरेच, आणि मानसिक आरोग्य कायदा, 2017 मध्येही अल्पवयीनांना वेगळे ठेवण्याची तरतूद आहे. पण म्हणून त्यांना दारातूनच परत पाठवायचे का? कलम 64-अ ची माहिती आणि 14446 हा व्यसनमुक्तीसाठीचा मदत क्रमांक प्रत्येक शाळा, महाविद्यालय व पोलीस ठाण्याच्या फलकावर मराठीत लावावा आणि किशोरवयीनांसाठी जिल्ह्यात स्वतंत्र खाटा ठेवाव्यात, अशी जिल्हा प्रशासनाला कळकळीची विनंती आहे. मुलाचे उपचार सुरू असल्याने कृपया नाव छापू नये.

— एक वडील, सिडको, नाशिक