लेकीस पत्र : मूळ पान उघडून बघ

प्रिय मुक्ता,

अनेक आशीर्वाद. तुझे बाबा पऱ्हाटीच्या वेचणीत आहेत, बाया मिळत नाहीत म्हणून आजीही वावरात जाते. बाकी घरी सगळं ठीक आहे.

परवा फोनवर तू विचारलंस की मैत्रिणींनी वर्षाचे पैसे भरून शिकवणीचं अॅप घेतलंय, मी पण घेऊ का. कापूस विकला की पैसे पाठवतो म्हणाले बाबा, आणि लागले तर पाठवूच. पण त्याआधी हे वाच. गावच्या वाचनालयाचं काम बघता बघता मी इंटरनेटवर जे धुंडाळून ठेवलंय ते फोनवर सांगून होत नव्हतं, आणि तुला ते आत्ताच कळायला हवं असं मला फार वाटतं.

लोणारच्या काठावर तू मला विचारलं होतंस, "उल्का पडली म्हणतात, पण ज्वालामुखी नव्हता हे कळलं कसं?" किती चांगला प्रश्न होता तो! फोनला विचारलं तर दोन ओळींत उत्तर येतं आणि आपण पुढे जातो. तू तसं करू नको. इंटरनेट अर्काइव्ह नावाचं एक मोफत ग्रंथालय आहे, १९९६ मध्ये अमेरिकेत सुरू झालेलं. आपल्या देशातल्या जुन्या ग्रंथालयांमधली स्कॅन केलेली पुष्कळ पुस्तकं तिथे आहेत. इंग्रजांच्या काळातली जिल्ह्यांची गॅझेटियरं, म्हणजे जिल्ह्याची सगळी माहिती देणारी सरकारी पुस्तकं, तिथे शोध. अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ मध्ये या विवराची नोंद केली, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं अभ्यासक त्याला ज्वालामुखीचंच काम समजत होते. त्यांचंही चुकलं म्हणता येत नाही. सगळा मुलूख लाव्हाच्या काळ्या दगडाचा, मग त्यातला गोल खड्डा ज्वालामुखीचाच वाटणार. १९७३ मध्ये फ्रेडरिक्सन नावाचे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख 'सायन्स' या नियतकालिकात आला. विवराच्या तळाखालून काढलेल्या दगडात त्यांना मॅस्केलिनाइट सापडलं होतं. बसाल्ट म्हणजे त्याच काळ्या दगडातल्या फेल्डस्पार खनिजाला प्रचंड दाबाचा धक्का बसला की त्याची अशी काच होते. तेवढा धक्का ज्वालामुखी देऊ शकत नाही, आकाशातून आदळलेला दगडच देतो. लोणार उल्केचं, हे असं ठरलं.

म्हणून कुठलंही जुनं पान उघडलंस की आधी ते छापल्याचं वर्ष बघ. १९१० चं पुस्तक आणि १९८० चं पुस्तक लोणारबद्दल वेगवेगळं बोलतील, आणि दोन्ही वाचलीस तरच माणसाला एखादी गोष्ट कळत कशी जाते ते दिसेल. शिकवणीच्या व्हिडिओत फक्त शेवटचं वाक्य मिळतं.

२०२० च्या जूनमध्ये तळ्याचं पाणी गुलाबी झालं होतं, ते तुला आठवत असेलच. नासाच्या अर्थ ऑब्झर्व्हेटरीवर लँडसॅट उपग्रहाची त्या वेळची दोन चित्रं आहेत, मेअखेरचं हिरवं तळं आणि जूनमधलं गुलाबी. पाणी आटून खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात राहणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव बळावले, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितलं. लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह १९७२ मध्ये गेला, आणि २००८ पासून त्या मालिकेचा सगळा चित्रसाठा जगाला फुकट खुला आहे. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांची चित्रंही मोफत आहेत, दर काही दिवसांनी नवीन, आणि त्यात दहा मीटरपर्यंतचं दिसतं. आपलं वावर, नाल्यावरचा बंधारा, दुष्काळी वर्षात तो कधी कोरडा पडला, हे सगळं तू अमरावतीत बसून शोधू शकतेस. एकदा शोधच. बाबांना दाखवलंस तर त्यांना फार आनंद होईल.

जुन्या इंग्रजी कागदांत गावं शोधताना एक लक्षात ठेव. अमरावतीच्या स्पेलिंगमध्ये ते 'ओ' घालत, यवतमाळच्याही. यवतमाळ जिल्हा तर १९०५ पर्यंत 'वून' जिल्हा म्हणून सापडतो, म्हणजे वणीवरून. आपल्या भागाला ते 'बेरार' म्हणत. आजच्या स्पेलिंगने शोधलंस तर काही मिळणार नाही आणि वाटेल की तिथे काहीच नाही. स्कॅन केलेल्या मराठी पुस्तकांच्या आत शब्दाने शोध नीट लागत नाही. त्यासाठी अनुक्रमणिका उघडून पानं चाळावी लागतात. वेळ जातो, पण चाळताना शोधत नव्हतो ते काहीतरी हाती लागतंच. मला असंच ग्रिअर्सन या भाषातज्ज्ञाने इंग्रजांच्या काळात केलेल्या भाषा सर्वेक्षणाचा मराठीचा खंड मिळाला, १९०५ चा. त्याने प्रत्येक बोलीत बायबलमधली एकच गोष्ट लिहून घेतली होती, घर सोडून गेलेल्या आणि परत आलेल्या मुलाची. त्यात आपली वऱ्हाडीही आहे. आजीला वाचून दाखवली तर ती म्हणाली, "हे तं आपल्यावानीच बोलते."

आता तुझ्या अभ्यासाचं. दहावीपर्यंत मराठीतून शिकलीस आणि आता पदार्थविज्ञान इंग्रजीतून, हा त्रास मला कळतो. राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन आहेत, विषयवार. संवेग म्हणजे मोमेंटम हे एकदा जुळलं की शाळेत शिकलेलं सगळं परत उपयोगी पडतं. संकल्पनाच डोक्यात बसत नसेल तर आधी मराठी विश्वकोशातली नोंद वाच. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी सुरू केलेलं ते काम आता फोनवर फुकट वाचता येतं. भाषा जरा जड आहे, पण विषय सोडून एक वाक्य नाही.

आयआयटी आणि बंगळूरच्या विज्ञान संस्थेच्या प्राध्यापकांची व्याख्यानं एनपीटीईएल (NPTEL) नावाच्या संकेतस्थळावर आहेत. बघायला पैसे लागत नाहीत, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी असते. काही अभ्यासक्रमांचे लिखित उतारे मराठीतही केलेत. इंग्रजी भरभर वाटलं तर वेग कमी करून ऐक, त्यात कमीपणा काहीच नाही. पैसे भरून मिळेल ते यापेक्षा वरचं असेल असं मला वाटत नाही.

फेट (PhET) नावाचं विज्ञानाचे प्रयोग पडद्यावर करून बघायचं मोफत संकेतस्थळ आहे, ते तर नक्की बघ. नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात ते सुरू केलं. पडद्यावर तारा जोडायच्या, बल्ब लावायचा, रोध वाढवला की काय होतं ते बघायचं. पुष्कळसे प्रयोग मराठीत आहेत आणि एकदा उतरवून घेतले की नेटशिवाय चालतात. कॉलेजात एका टेबलावर सहा जणी असतात असं म्हणालीस ना, इथे सगळा प्रयोग तुझ्या एकटीच्या हातात.

तू ज्या शहरात राहतेस तिथल्या पंजाबराव देशमुखांचं नाव रोज दिसत असेल. ते संविधान सभेत होते. ९ डिसेंबर १९४६ पासूनच्या तिथल्या चर्चा दिवसवार लोकसभेच्या संकेतस्थळावर आहेत. त्यांच्या नावाने शोध आणि ते काय बोलले ते त्यांच्याच शब्दांत वाच. डॉ. बाबासाहेबांचे इंग्रजी लेखन-भाषणांचे खंड परराष्ट्र मंत्रालयाने फुकट ठेवलेत, आणि सेवाग्रामहून गांधीजींनी लिहिलेली पत्रं गांधी हेरिटेज पोर्टलवर आहेत. मोबाइलवर या थोरांच्या नावाने रोज काहीबाही फिरतं. ते खरं की खोटं हे तुला दुसऱ्या कुणाला विचारायची गरज पडू नये.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. फुकट दिसतं ते सगळं घेण्याजोगं नसतं. आपल्या कायद्यात लेखक गेल्यावर ६० वर्षांनी पुस्तक सर्वांचं होतं. सानेगुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांची पुस्तकं आज कुणीही मोकळेपणाने वाचावी, छापावी. पण हयात लेखकाच्या नव्या कादंबरीची पीडीएफ कुणी ग्रुपवर टाकली तर ती उतरवून घेऊ नको. ग्रंथालयातून आण, नाहीतर मला सांग, मी आपल्या वाचनालयासाठी विकत घेते.

अॅपचं तूच ठरव. महिनाभर हे वापरून बघ, तरी हवंसं वाटलं तर बाबा पैसे पाठवतील.

आणि एक काम कर. किविक्स नावाचा मोफत प्रोग्राम आहे, त्यात अख्खा मराठी विकिपीडिया उतरवून नेटशिवाय वाचता येतो. हॉस्टेलच्या वायफायवर तो पेनड्राइव्हमध्ये भरून घे, सोबत फेटचे मराठी प्रयोग आणि अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावरची टाकाऊतून खेळणी करायची मराठी पुस्तकं. वाचनालयात संगणक आहे पण रेंज येत नाही, आणि संध्याकाळी सातवी-आठवीच्या पोरी येऊन बसतात. संक्रांतीला येशील तेव्हा घेऊन ये, बसवून आपण दोघी देऊ.

जेवण वेळेवर करत जा.

तुझी,
आई