मदयनच्या वाटेवरून घरी पत्र

तबूक विभाग, सौदी अरेबिया
जानेवारी, जुम्म्याची रात्र

आदरणीय अब्बा आणि प्रिय अम्मी,

अस्सलामु अलैकुम व रहमतुल्लाहि व बरकातुहू.

अल्लाहच्या कृपेने मी खुशाल आहे. तब्येत ठीक, जेवण वेळेवर, झोप पुरेशी. फोनवर अब्बांना अर्धंच ऐकू येतं आणि मग ते सगळ्यालाच "बरं, बरं" म्हणतात, म्हणून लिहून पाठवतो आहे. छोटी, हे अब्बांना सावकाश वाचून दाखव. पैशांचं शेवटी आहे, तिथे घाई करू नकोस.

थंडीची काळजी सोडा. जबल अल-लौजच्या माथ्यावर कधी कधी बर्फ पडतं हे खरं, कुणीतरी तुम्हाला तो व्हिडिओ दाखवला असेल. आमचा कॅम्प खाली आहे. खोलीत हीटर आहे, अम्मीने दिलेली गोधडी आहे, आणि मी लहान नाही.

अम्मी, परवा तू रागावलीस. "जिथे अल्लाहचा अजाब, त्याची शिक्षा, उतरली तिथे फिरायला गेलास कशाला?" मी गप्प राहिलो कारण बस सुटत होती. आता नीट सांगतो.

फिरायला गेलोच नव्हतो. आमचे सुपरवायझर इथलेच, तबूककडचे. सुट्टीच्या दिवशी ते आपल्या वयस्कर चुलत्यांना भेटायला अल-बदाला निघाले होते. मला आणि जॉर्डनच्या एका सहकाऱ्याला म्हणाले, चला. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. अल-बदा म्हणजे जुनं मदयन, हजरत शुऐब अलैहिस्सलाम यांच्या कौमचा मुलूख, असं इथले लोक मानतात. वादी अफाल नावाचं रुंद खोरं आहे, खजुराच्या बागा आहेत, दोन्हीकडे उघडेबोडके डोंगर, आणि पश्चिमेला थोडं गेलं की अकाबाचं आखात. मिसरहून येणारे हाजी शेकडो वर्षं याच वाटेने मक्केकडे जात. जॉर्डनचा सहकारी मात्र वाटभर सांगत होता की शुऐब नबींची मजार त्याच्याकडे, सॉल्टजवळ आहे. यावर दोघांचा बराच वाद झाला. मी काही बोललो नाही.

तू म्हणतेस ती हदीस मला ठाऊक आहे. हिजरी 9 मध्ये, म्हणजे इ.स. 630 मध्ये, आपले प्यारे नबी सल्लल्लाहु अलैहि व सल्लम तबूकच्या मोहिमेवर निघाले आणि वाटेत समूद कौमचं हिज्र लागलं, तेही अजाब उतरलेलं ठिकाण. तेव्हा त्यांनी सोबत्यांना सांगितलं, इथे शिराल तर रडत शिरा, नाहीतर शिरू नका. तिथल्या विहिरीच्या पाण्यात भिजवलेली कणीकसुद्धा उंटांना घालायला लावली. पण ते हिज्र अल-उलाजवळ, इथून बरंच लांब. तिथे मी पाऊल ठेवलेलं नाही. इथेही तोच अदब पाळला. बसलो नाही, खाल्लं नाही, फोटोसुद्धा काढला नाही.

आणि ज्या गुहा पाहिल्या, ज्यांना इथे मगायिर शुऐब म्हणतात, त्या मदयनच्या लोकांच्या नाहीतच असं संशोधक सांगतात. त्या नबाती लोकांच्या कबरी. जॉर्डनमधलं पेट्रा ज्यांनी कोरलं तेच हे लोक, हजरत मूसांच्या कितीतरी शतकांनंतरचे. मदयनकाळाची म्हणून जी खूण दाखवतात ती रंगीत नक्षीची मातीची भांडी, तीन हजार वर्षांहून जुनी. ती याच तबूक विभागातल्या कुरय्याला भाजत, आणि पार इस्रायलमधल्या तिम्नाच्या तांब्याच्या खाणींतही त्यांची खापरं सापडली आहेत. म्हणजे माल किती लांब जात होता पाहा. गुहांच्या दारांवर दोन्ही बाजूंनी पायऱ्या चढत गेल्यासारखी नक्षी आहे, वाऱ्याने कडा झिजून गुळगुळीत झाल्यात. आत माणूस आडवा मावेल एवढे कोनाडे, सगळे रिकामे. मी फातिहा पढायला हात उचलले आणि तसेच खाली घेतले, कारण कुणासाठी पढायचं ते कळेना.

मग चुलत्यांच्या घरी गेलो. इथली एक रीत तुम्हाला सांगायचीच आहे, कारण अब्बांना ती पटणार नाही. पाहुण्याला आधी कहवा देतात. आपल्या कॉफीसारखा नाही. फिकट पिवळसर, भरपूर वेलची, ना दूध ना साखर, सोबत खजूर. घरातला तरुण मुलगा उभा राहून ओततो. डाव्या हातात चोचीची किटली, तिला दल्ला म्हणतात, आणि उजव्या हातात कान नसलेल्या छोट्या वाट्यांची चळत. वाटी उजव्या हातानेच घ्यायची. आता नवल ऐका. वाटीत कहवा तळाशी घोटभरच ओततात. अम्मी, तुला वाटेल पाहुण्याला कमी दिलं. तसं नाही. काठोकाठ भरलेली वाटी दिली तर त्याचा अर्थ, पी आणि ऊठ. थोडं दिलं म्हणजे बस, अजून घे. संपलं की मुलगा पुन्हा ओततो, पुन्हा संपलं की पुन्हा. तुम्ही वाटी बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवत नाही तोवर तो थांबत नाही, आणि तोवर खालीही बसत नाही. तोंडाने "नको" म्हटलेलं चालत नाही, हलवायलाच लागते. नंतर चहा येतो तो मात्र पेला भरून आणि गोड. मग वाटीचं माप वेगळं का, असं अब्बा विचारतील. मी तेच विचारलं. म्हातारबाबा म्हणाले, हे विकत नाही ना आपण. देणारा तर उभाच आहे.

त्यावरूनच शुऐब नबींची गोष्ट निघाली. अब्बा, तुम्ही दुकानात भाऊंना सांगायचात तीच, पण तिथे बसून ऐकताना अंगावर काटा आला.

मदयनचे लोक दरिद्री नव्हते. काफिल्यांची वाट त्यांच्या दारावरून जात होती, पाणी होतं, गुरं होती. सूरह हूदमध्ये, 84 व्या आयतीत, शुऐब नबी त्यांना आधी म्हणतात की अल्लाहची इबादत करा, त्याच्याशिवाय तुमचा कुणी माबूद, म्हणजे पूजावा असा, नाही. आणि लगेच पुढे, मापात आणि तोलात कमी देऊ नका. मी तुम्हाला सुखात पाहतो आहे आणि मला तुमच्यासाठी भीती वाटते त्या दिवसाच्या अजाबची, जो सगळ्यांना घेरील. मला हेच लागलं. सुखात पाहतो आहे म्हणून भीती वाटते. भुकेल्याने मूठभर जास्त उचललं तर समजू शकतो. पोट भरलेला माणूस काटा मारतो तेव्हा त्याला कसलीच गरज नसते, फक्त सवय असते. पुढच्याच आयतींत ते म्हणतात, लोकांच्या वस्तूंची किंमत पाडू नका, आणि पुरं मोजून जे अल्लाह तुमच्याकडे शिल्लक ठेवील तेच तुमच्यासाठी बरं. सूरह आराफमध्ये आणखी आहे, वाटांवर बसून लोकांना धमकावू नका.

त्यांचं उत्तर काय होतं? तुझी नमाज तुला हे शिकवते का, की आमच्या बापजाद्यांचे देव आम्ही सोडावेत आणि आमच्याच पैशाचं आम्हाला हवं ते करू नये? टोमणा मारत म्हणाले, तू तर मोठा समजूतदार! अब्बा, नमाज वेगळी आणि बाजार वेगळा, हे आजही कितीजण म्हणतात. शुऐब नबींनी ते वेगळं होऊ दिलं नाही. म्हणाले, जे तुम्हाला करू नका सांगतो ते मी स्वतः मागून करणार नाही. माझ्याकडून होईल तितकी सुधारणा एवढंच मला हवं. तेव्हा लोक म्हणाले, तू आमच्यातला दुबळा, तुझे भाऊबंद नसते तर आम्ही तुला दगडांनी मारलं असतं. त्यावर त्यांनी विचारलं, माझे भाऊबंद तुम्हाला अल्लाहपेक्षा भारी वाटतात?

पुढचं तुम्हाला माहीत आहे. भूकंप, ती किंकाळी, आणि सकाळी सगळे आपापल्या घरांत पालथे पडलेले. जणू तिथे कधी राहिलेच नव्हते, असं कुराण म्हणतं. वनातल्या लोकांचा, असहाब अल-ऐकाचा, सावलीच्या दिवसाचा अजाब म्हातारबाबांनी वेगळा सांगितला. तफसीरमध्ये, म्हणजे कुराणावरच्या भाष्यात, आहे की कडक उन्हाळा पडला, मग एक ढग आला, लोक सावलीसाठी त्याखाली जमले आणि तिथेच आग बरसली. हे सांगताना ते हाताने खोऱ्याकडे दाखवत होते. पण मला त्याहून जास्त जड गेलं ते शुऐब नबींचं पाठ फिरवून जाताना बोलणं. मी तुम्हाला निरोप पोचवला, भलं सांगितलं, आता न मानणाऱ्या कौमसाठी मी दुःख कसं करू? ज्याला दुःख होत नाही तो असं विचारत नाही.

अब्बा, हे मला का लागलं ते तुम्हाला कळेल. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं आणि आपल्या दुकानात गळ्याएवढा चिखल झाला. गाळ काढल्यावर वरच्या फळीवरचा जो तांदूळ वाचला तो तुम्ही जुन्याच भावाने दिलात, आणि पायली शिगोशीग भरलीत. भाऊ म्हणाला होता, अब्बा, आता तरी हात आखडा. तुम्ही म्हणालात, मापात पाप नको. कर्ज त्यानंतर झालं, मी इकडे त्यानंतर आलो. मला त्याचं वाईट वाटत नाही हे कितीदा सांगू? मला त्या पायलीचा अभिमान आहे.

आता तुम्ही जे कुणाकडून तरी ऐकलंत त्याबद्दल. माझं कुणाशी भांडण झालेलं नाही. मी वजनकाट्यावर आहे. खडीची गाडी भरलेली आली की एकदा वजन, रिकामी जाताना एकदा वजन, मधला फरक तो माल. एका ठेकेदाराच्या गाड्यांत चासीखाली पाण्याची टाकी होती. येताना भरलेली, आत गेल्यावर सोडून दिलेली. ते पाणी खडी म्हणून पावतीवर चढायचं. एका पहाटे गाडी रिकामी होऊन परत निघाली तेव्हा मागच्या चाकापासून काट्यापर्यंत ओली रेघ दिसली. वाळवंटात ओली रेघ लपत नाही. मी टाकी उघडून बघितली, पावतीवर खरं वजन लिहिलं, बस्स. आवाज चढवला नाही. काही दिवसांनी मला रात्रपाळीतून काढून दिवसा घेतलं. सुपरवायझर माझ्या बाजूने आहेत, नोकरीला धक्का नाही. फक्त ओव्हरटाइम गेला. हे मी तुम्हाला आधी सांगितलं नाही कारण अब्बांच्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. ऑपरेशनच्या दिवशी त्यांचा हात धरायला भाऊ होता, मी नव्हतो. रोज पाचही नमाजांत तेवढीच दुआ केली.

तर पैसे. या महिन्यात तीस हजारच येतील. त्यातले पंधरा बँकेच्या हप्त्याला, सहा औषधं आणि चष्म्याला, उरलेले अम्मीकडे घरखर्चाला. भाऊने इलेक्ट्रॉनिक काटा घ्यायचा म्हटलं होतं, तो जरूर घ्या, पण दोन महिने थांबून. घेताना सरकारी शिक्का असलेलाच घ्या. इथे मला हवं-नको काही नाही, जेवण कंपनीचं, तेव्हा "तू उपाशी राहून पाठवतोस" असं अम्मीने म्हणू नये.

छोटीच्या निकाहचं. दापोलीकरांना रमजाननंतरची तारीख द्या. ते फर्निचरचं बोलत असतील तर भाऊने स्पष्ट सांगावं की आपल्याकडे देण्याघेण्याची बोली नाही. मेहर मुलाने द्यायची असते. हजरत मूसा मिसरमधून पळून मदयनच्या विहिरीवर आले तेव्हा खिशात काही नव्हतं. दोन मुलींच्या बकऱ्यांना पाणी पाजलं, सावलीत बसून म्हणाले, या रब, तू जे काही भलं माझ्याकडे उतरवशील त्याची मला गरज आहे. मग त्या मुलींच्या वडिलांकडे आठ वर्षं, मनात आलं तर दहा, चाकरी करायची असं ठरवून लग्न केलं. ते वडील म्हणजे शुऐब नबीच, असं पुष्कळ आलिम म्हणतात. परमुलखात आलेल्या माणसाला ती दुआ फार जवळची वाटते, मी रोज म्हणतो. छोटी, तुला पसंत नसेल तर आत्ताच सांग, भाऊला नाही तर मला सांग. हॉलचं ॲडव्हान्स मी फेब्रुवारीत पाठवतो.

माझ्यासाठी खालाने जो रिश्ता आणलाय, त्यांना होही नको, नाहीही नको असं लटकत ठेवू नका. कर्ज फिटेपर्यंत मला येता येणार नाही आणि कुणाच्या मुलीला इतकं थांबवणं मला पटत नाही. खालाला वाईट वाटेल, पण सांगा. अम्मी, तू रडू नकोस, हे मी विचार करून लिहिलंय.

निकाहला मी येईन. रजेचा अर्ज दिला आहे, सही व्हायची आहे. तिकिटाचे पैसे मी बाजूला ठेवलेत, ते घरखर्चातून धरलेले नाहीत. अब्बा, डोळ्यात थेंब घालायचे चुकवू नका आणि दुकानात महिनाभर तरी धुळीत बसू नका. दादीला सलाम सांगा, भाभीला आणि बच्चेकंपनीला दुआ.

तुमचा
थोरला