घड्याळाच्या ठशांचा हिशेब

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

स्टेन्सिलने (कापलेल्या साच्याने) कागदावर ठसे उमटवून, त्यांचे फोटो जोडून तू घड्याळाची फिल्म करणार आहेस; तिला किती ठसे लागतील, हे स्टेन्सिल कापायच्या आधी विचारलंस ते बरं केलंस. सेकंदाला १२ ठसे धर. एकेक ठसा दोन फ्रेम (फ्रेम म्हणजे फिल्ममधलं एक चित्र) ठेवला की सेकंदाला २४ फ्रेमचा वेग जमतो. बारा तास ५ सेकंदांत दाखवायचे तर ६० ठसे, आणि तासकाटा दर ठशाला ६ अंश पुढे. इथवर सोपं.

घोळ मिनिटकाट्याचा. दोन ठशांमध्ये १२ मिनिटं जातात, म्हणजे तो ७२ अंशांची उडी मारतो आणि पाच उड्यांत मूळ जागी येतो. पडद्यावर काटा फिरतच नाही, पाच काटे लुकलुकत बसतात. उडी ३३० अंशांची, म्हणजे ५५ मिनिटांची केलीस तर काटा चक्क उलटा पळतो, कारण डोळा जवळची वाट धरतो. मिनिटकाटा उलटा पळवायचा असेल तर हे आयतंच मिळतं! नाहीतर काट्याऐवजी ७२ अंशांची पंख्यासारखी पाकळी काप. पुढच्या कडेला रंग दाट दे, मागे जाता जाता स्पंज जवळजवळ कोरडा. मग फिरणं दिसतं.

फिरवायची सोय अशी: जाड प्लास्टिक शीटमधून वर्तुळ-कटरने चकती काढ, तिच्यात काटा काप, आणि चकती त्याच भोकात परत बसव. भोकाच्या कडेला दर ६ अंशांवर खूण. मध्ये टाचणी नको, म्हणजे कागदाला मधोमध भोक पडत नाही. डायलची स्टेन्सिल वेगळी. तिच्यात ४ किंवा १० मधल्या शून्यासारख्या आकड्यांचं बंद पोट गळून पडतं, तिथे ते धरून ठेवणारे २-३ मिमीचे पूल, म्हणजे न कापलेल्या पट्ट्या, ठेव. त्याहून बारीक पूल पुसताना तुटतो.

कागद २०० जीएसएमचा घे, पातळ कागद ओलाव्याने फुगतो. साध्या पंचची भोकं ६ मिमीची, ८० मिमी अंतरावर असतात. त्याच मापाच्या दोन खुंट्या फळीवर चिकटव आणि कागद नि स्टेन्सिल दोन्ही पंच करून त्यांत अडकव, म्हणजे ठसा दर वेळी त्याच जागी पडतो. स्टेन्सिलची भोकं वापरून सैल होतात आणि अख्खं घड्याळ थरथरायला लागतं, म्हणून तिथे आधीच टेप लाव.

रंग सायीइतका दाट. स्पंज रद्दीवर टिपून घे आणि उभाच दाब. घासलास की रंग कडेखाली शिरलाच. दर १०-१२ ठशांनी स्टेन्सिल दोन्ही बाजूंनी पूस. कडेवर रंग वाळत गेला तर काटा फिल्मभर हळूहळू रोडावतो, आणि हे फोटो जोडल्यावरच कळतं.

दर ठशात स्पंजचे दाणे वेगळे पडतात, त्यामुळे पडद्यावर रंग खदखदतो. ते सुधारायला जाऊ नकोस. घड्याळ थांबलेलं दाखवतानाही तीन ठसे कर आणि १-२-३-२ असे फिरव. एकच ठसा धरून ठेवला तर फिल्मच अडकल्यासारखी वाटते.

फोटो काढताना खिडकी बंद, दोन दिवे दोन बाजूंनी तिरपे, कॅमेऱ्यातलं सगळं ऑटो बंद. वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/५० सेकंद ठेव. दिव्यांची लुकलुक टळते.

आणि रंग लावायच्या आधी प्रत्येक कागदामागे पेन्सिलने क्रमांक घाल. वाळत घातल्यावर ३१ कुठला नि ३२ कुठला, तासकाट्याच्या ६ अंशांवरून पटकन ओळखू येत नाही.

घरी सगळ्यांना नमस्कार सांग.

तुझी,
आत्या