पानं किती विचारता, पायऱ्या किती तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही कोकण किनाऱ्यावर कुठे काय खायचं यावर अख्खं पान दिलंत. मी ते दोनदा वाचलं. एकदा भूक लागली म्हणून आणि दुसऱ्यांदा त्यात मला हवं ते कुठे सापडतंय का बघायला. चव होती, थाळीचा भाव होता, सोलकढी दाट की पातळ हेसुद्धा होतं, पण त्या जागी आत कसं जायचं हे एका ओळीतही नव्हतं. तुम्ही म्हणाल आत कसं जायचं म्हणजे काय, दारातून! तर त्या दाराबद्दलच हे पत्र आहे.

मी कोथरूडला राहतो, वय 54, लहानपणी पोलिओ झाला त्यामुळे व्हीलचेअर. गाडी मात्र स्वतः चालवतो, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर हाताने चालतील असं कंट्रोल बसवून घेतलंय. दिवाळीनंतर आम्ही सहा जण ताम्हिणी घाटाने कोकणात उतरलो. मी, बायको, मुलगी, वॉकर घेऊन चालणाऱ्या सासूबाई, पॅरालिसिसच्या झटक्यानंतर उजवा हात कामातून गेलेले मेव्हणे आणि माझा कॉलेजपासूनचा मित्र ज्याला जवळजवळ दिसत नाही. मुलगी म्हणते बाबा ही ट्रिप नाही, वरात आहे. पण आमची वरात काही जगावेगळी नाही हो, पुण्यातल्या प्रत्येक घरात निदान एक तरी दुखरा गुडघा आहे आणि तो गुडघा ट्रिपला घरी ठेवून जाता येत नाही.

कोकणातल्या घरगुती खानावळीत न सांगता जाऊन बसलं तर उपाशी उठायची वेळ येते हे सगळ्यांना माहीत आहे. आदल्या दिवशी, निदान सकाळी तरी फोन करावा लागतो आणि पलीकडून पहिला प्रश्न येतो, किती पानं? व्हेज किती, मच्छी किती, मोदक हवेत का, हवे असतील तर पानाला किती? मी सगळं सांगतो आणि मग माझा प्रश्न विचारतो, पायऱ्या किती? गेल्या वीस वर्षांत मला या प्रश्नाचं एकच उत्तर मिळालेलं आहे. "दोनच आहेत."

ही दोनच म्हणजे काय चीज आहे ते सांगतो. कोकणात पाऊस तसा, त्यामुळे जुनं घर उंच जोत्यावर, अंगणातून पडवीत यायला एक चढ, पडवीतून ओटीवर जायला दुसरा, आणि जेवायची पंगत बहुतेक ठिकाणी ओटीवर किंवा त्याहून आत माजघरात. पायरी आठ इंचाची तरी असते, जांभ्याची असेल तर आणखी ओबडधोबड. रॅम्पचा साधा नियम आहे 1:12, म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी. दोन पायऱ्यांचे झाले सोळा इंच, म्हणजे रॅम्प हवा सोळा फुटांचा. आणि प्रत्यक्षात काय होतं, तर मालक उत्साहाने मागून चार फुटाची फळी आणतात आणि टेकवतात. तिला रॅम्प नाही, घसरगुंडी म्हणतात. या वेळी एका गावात (नाव सांगत नाही, माणसं चांगली होती) फळी नको म्हटलं तर चार पोरं धावत आली, दोघांनी चाकं धरली, एकाने पाय ठेवायचा पत्रा धरला जो उचलला की सुटून हातात येतो, आणि चौथा नुसता "सांभाळून सांभाळून" म्हणत होता. पडलो नाही इतकंच. वर नेलं तिथे सुरमई फर्स्टक्लास होती पण माझं अर्धं लक्ष खाली कसं यायचं यात, सहा पानांचे पैसे देऊन साडेपाच पानंच जेवलो म्हणा.

आणि टॉयलेट. जेवणाच्या पत्रात हा विषय नको असं तुम्हाला वाटेल पण माझ्यासारख्यांचं जेवण तिथूनच सुरू होतं. पौड सोडलं की माणगावपर्यंत घाटात मला वापरता येईल असं काही नाही म्हणून मी सकाळी चहाही अर्धाच घेतो. पुढे किनाऱ्यावर पोचलो तरी बऱ्याच ठिकाणी संडास परसात, वाटेत चिरे, आत भारतीय पद्धतीचं, आणि कमोड असला तरी दार दोन फुटी. माझी चेअर बाहेरून बाहेर 25 इंच आहे. सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत दार 900 मिलिमीटर मोकळं हवं असं लिहिलंय, म्हणजे जवळजवळ तीन फूट. तर एका इंचासाठी मी समोर आलेला सोलकढीचा दुसरा ग्लास परत पाठवतो. कोकणात जाऊन सोलकढीला नाही म्हणायचं, काय सांगू तुम्हाला. नवीन बांधलेल्या रिसॉर्टमधे दारं मोठी असतात हे खरं, पण तिथे जेवण म्हणजे पनीर आणि मंचुरियन, मग ताम्हिणी उतरायचा खटाटोप कशाला करायचा?

आता चांगलं सांगतो, कारण चांगलंही बरंच आहे आणि ते तुमच्या त्या पानात आलं नाही.

दिवेआगरला एका घरी फोनवर नेहमीप्रमाणे दोनच आहेत हे उत्तर आलं. मी म्हटलं वहिनी, मला चालता येत नाही, चाकाची खुर्ची आहे. पलीकडे जरा शांतता, मग म्हणाल्या, "मग वर कशाला येताय, खळ्यात टेबल लावते की." बस्स. पोचलो तर घरापुढचं खळं चोपून सारवलेलं, वर मांडव, एका बाजूला सुपारी वाळत घातलेली, आणि मांडवाखाली टेबल. सारवलेल्या जमिनीवर चेअर इतकी छान फिरते की पुण्याच्या फुटपाथला लाज वाटावी. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, केळफुलाची भाजी, उकडीचे मोदक आणि त्यावर तूप, सगळे एकाच पातळीवर बसून जेवलो, सासूबाईंना पायरी नाही, मला उचलणारं कोणी नाही. त्या वहिनींनी खर्च काय केला? शून्य. पाऊस नसेल तेव्हा जवळजवळ कुठल्याही खानावळीला हे जमेल. फक्त विचारायला पाहिजे, आणि मुळात असं विचारता येतं हे लोकांना कळायला पाहिजे.

दिवेआगरहून श्रीवर्धनला जायचं तर आतल्या रस्त्याने न जाता आरावी, शेखाडीवरून जा. रस्ता समुद्राला इतका चिकटून आहे की गाडीतून न उतरता समुद्र मिळतो, आणि ज्यांना पुळणीवर जाता येत नाही (वाळूत चेअरची पुढची छोटी चाकं पहिल्या वितीलाच रुततात) त्यांच्यासाठी याहून चांगली खिडकी मला तरी माहीत नाही. घरून नेलेला डबा तिथे गाडी बाजूला घेऊन खाल्ला, शहाळी रस्त्याकडेलाच मिळाली, शहाळेवाला स्वतः काचेपाशी आणून देतो. चहाच्या टपऱ्यांचंही तेच, टपरीला जोतं नसतं! कोकणात सगळ्यात बिनपायरीचं खाणं टपरीवर आहे आणि पुरवण्या मात्र टपरीबद्दल लिहीत नाहीत.

पुढे हरिहरेश्वर. तिथली प्रदक्षिणेची वाट खडकातून पायऱ्यांनी खाली उतरते, ती मी बाकीच्यांवर सोडली आणि गाडीत बसून बागमांडल्याच्या फेरीबोटीची वेळ बघत राहिलो. लोक तिला जंगलजेटी म्हणतात. बागमांडला ते वेसवी, सावित्रीची खाडी, गाडीसकट आत, आणि गाडीतून उतरायची गरज नाही. बोटीचं ते पुढचं लोखंडी तोंड धाडकन खाली पडतं आणि त्यावरून आपण चढतो. अख्ख्या ट्रिपमधला सगळ्यात चांगला रॅम्प तो होता, माणसांसाठी नाही, गाड्यांसाठी केलेला. पलीकडे केळशीला जेवलो, तिथेही आधी फोन, तिथेही दोनच, आणि या वेळी मीच म्हटलं अंगणात चालेल. चाललं. फक्त गाडीपासून अंगणापर्यंत जांभ्याची पाखाडी, म्हणजे दगड बसवलेली वाट होती, तीस पावलं असतील, दात वाजले.

जेवणाची सोय म्हणजे फक्त चाकं असंही नाही. माझ्या मित्राला दिसत नाही, त्याला फळ्यावर खडूने लिहिलेला मेनू काय कामाचा, वाढणाऱ्या पोराने मोठ्याने वाचून दाखवला की झालं. तो मासा निवडतो काट्यावरून. सुरमईच्या तुकडीत मधला काटा मोठा, बोटाला लगेच लागतो, म्हणून सुरमई. पापलेटही त्याला जमतं. बांगडा तो घरी खातो, सावकाश, बाहेर नाही. मेव्हण्यांचा एक हात चालत नाही, त्यांना तिसऱ्या (शिंपल्या) आणि खेकडे समोर ठेवले म्हणजे शिक्षाच, पण सोललेल्या कोळंबीचं कालवण आणि भात ते एकटे मजेत जेवतात, आणि ताट खोलगट असेल तर डाव्या हाताने भात बाहेर सांडत नाही. वरणाची वाटी उजवीकडे न ठेवता डावीकडे ठेवा एवढं सांगितलं की ते दुसऱ्या वाढपाला कुणाकडे बघत नाहीत. या गोष्टी कुठल्या रिव्ह्यूमधे लिहिलेल्या बघितल्यात का तुम्ही? आणि एक, आमच्यासारख्यांना सोयीचं म्हणून जून-जुलैत गर्दी नसताना जाऊ नका, मासेमारी बंद असते, खळ्यात पाणी असतं आणि मांडव उतरवलेला असतो, मग परत ती ओटी आणि परत ती फळी.

कायदा आहे, नाही असं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा, त्यात सेवा देणारे सरकारी असोत की खाजगी, सोय करायलाच हवी असं कलम आहे. नियम 2017 ला आले. 8 नोव्हेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टाने त्यातला सुगम्यतेचा नियम 15 चुकीचा ठरवला कारण त्यात सगळी शिफारसच होती, सक्ती काही नव्हती, आणि केंद्राला तीन महिन्यांत सक्तीचे नियम करा म्हणून सांगितलं. ठीक आहे. पण मी काही दिवेआगरच्या वहिनींच्या दारात कलम घेऊन उभा राहणार नाही. 2020 च्या जूनमधे निसर्ग वादळ आलं तेव्हा त्या भागातल्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, अशा बाईला सोळा फुटांचा रॅम्प बांध सांगायला माझी जीभ रेटणार नाही. कायदा लावायचा तर आधी हायवेवरच्या मोठ्या हॉटेलांना लावा, ज्यांनी कालपरवा चकचकीत ग्रॅनाइट बसवलंय आणि दारात पुन्हा तीन पायऱ्या ठेवल्यात, का तर म्हणे लूक येतो. पर्यटन खात्याची निवास-न्याहारी योजना आहे, तिच्या फॉर्ममधे खोल्यांबरोबर दाराची रुंदी विचारायला काय हरकत आहे?

तुमच्याकडे माझं मागणं मात्र याहून पुष्कळ स्वस्त आहे. रॅम्प नको, माहिती द्या. खाण्याच्या जागेबद्दल छापाल तेव्हा थाळीच्या भावाशेजारी एक ओळ टाका. गाडी दारापासून किती लांब थांबते, दारात पायऱ्या किती आणि खाली अंगणात वाढतात का, टेबलखुर्ची आहे की पाट, टॉयलेटमधे कमोड आहे का आणि दार किती इंच. तुमच्या प्रतिनिधीने जेवायच्या आधी एक मेजरिंग टेप काढला तर पाच मिनिटांचं काम आहे, आणि थाळीच्या फोटोबरोबर दाराचा एक फोटो, तेवढा मिळाला तरी बाकीचं मी ओळखतो. जिथे पायऱ्या आहेत तिथे आहेत असं छापा, त्यात मालकाची बदनामी नाही. "दोनच" मात्र छापू नका, दोन छापा.

कोणी म्हणेल पुण्यात तरी कुठे सगळं आलबेल आहे. नाहीच आहे. पेठांमधे गटारावरून उडी मारून दोन पायऱ्या चढल्याशिवाय मिसळ मिळत नाही, माझी मिसळ वर्षानुवर्षं गाडीतच येते आणि पाव येईपर्यंत तर्री गार होते. पण पुण्यात मी घरी जाऊन जेवू शकतो, कोकणात घर दीडशे किलोमीटरवर असतं.

आता जानेवारीत दाभोळहून धोपाव्याची फेरीबोट धरून गुहागरला जायचा विचार आहे, तीच वरात, सहा पानं, त्यात दोन व्हेज. दाभोळ किंवा गुहागरच्या बाजूला कुठे खळ्यात जेवायला वाढत असतील आणि टॉयलेटचं दार 26 इंच जरी असेल तरी तुमच्या वाचकांपैकी कोणी कृपया या सदरात कळवावं. दुसरा ग्लास प्यायचा आहे.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे