व्याख्यानमालेत गणितालाही एक संध्याकाळ मिळावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या दापोली परिसरातील व्याख्यानांना मी अनेक वर्षे नियमाने जात आले आहे. इतिहास, आरोग्य, फळबागा, संतसाहित्य, क्वचित खगोलशास्त्र असे विषय तेथे ऐकले; मात्र शुद्ध गणितात आज कोणते संशोधन चालू आहे, यावर एकही व्याख्यान ऐकल्याचे मला आठवत नाही. गणिताच्या नावाने होते ते परीक्षेचे मार्गदर्शन, नाहीतर झटपट गुणाकाराच्या युक्त्या. ‘बाई, गणितात आता नवीन शोधायचे काय राहिले आहे?’ असे मुले मला शाळेत विचारीत, त्याचे कारण हेच असावे.

या प्रश्नाचे उत्तर महामार्गाकडेच्या कलिंगडांच्या राशीपासूनही सुरू करता येईल. सारख्या आकाराचे गोळे कसे रचले असता मधली जागा कमीत कमी वाया जाते? फळवाले रचतात तीच रचना सर्वोत्तम, तिने सुमारे 74 टक्के जागा व्यापली जाते आणि याहून अधिक शक्य नाही, असे खगोलशास्त्रज्ञ केप्लर यांनी 1611 मध्ये म्हटले होते. पण त्याची सिद्धता गणितज्ञ टॉमस हेल्स यांनी मांडली ती थेट 1998 मध्ये, आणि तीही संगणकीय आकडेमोडीवर इतकी अवलंबून होती की परीक्षकांना ती संपूर्ण पडताळता येईना. अखेर हेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची पायरीन् पायरी संगणकाकडूनच तपासून घेतली आणि ते काम 2014 मध्ये पुरे झाले. आपल्या जगाला लांबी, रुंदी, उंची अशा तीन मिती; गणितात त्याहून अधिक मितीही कल्पिता येतात. पुढे 2016 मध्ये गणितज्ञ मरीना व्हियाझोव्स्का यांनी हाच प्रश्न आठ मितींत सोडवला, तोही अवघ्या काही पानांत. 2022 मध्ये त्यांना फील्ड्स पदक हा गणितातील अत्यंत मानाचा पुरस्कार मिळाला. आठ मितींचे उत्तर हाती आले, पण चार मितींतील सर्वोत्तम रचनेची सिद्धता अजून मिळालेली नाही, हे दहावीच्या मुलांना सांगितले तर त्यांचे डोळे विस्फारतील, याची मला खात्री आहे.

तज्ज्ञांची चर्चासत्रे तज्ज्ञांसाठीच असतात, ती आपल्याला झेपणार नाहीत. मात्र मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या भास्कराचार्य प्रतिष्ठानात गणिताचे काम चालते, आणि ही दोन्ही शहरे आपल्यापासून एका दिवसाच्या प्रवासावर आहेत. मे महिन्यात चाकरमानी गावी येतात, तेव्हा एका अभ्यासकाला बोलवावे. त्यांनी एकच प्रश्न घ्यावा, फळ्यावर खडूने लिहीत मराठीतून समजावावा, एखादी छोटी सिद्धता पूर्ण करून दाखवावी आणि शंकांसाठी भरपूर वेळ ठेवावा. मिती, सिद्धता, मूळ संख्या हे शब्द पाठ्यपुस्तकांमुळे मुलांच्या ओळखीचे आहेतच.

केंब्रिजमध्ये 1899 साली सीनिअर रँग्लर, म्हणजे तेथील गणिताच्या परीक्षेत पहिले, आलेले र. पु. परांजपे याच तालुक्यातील मुर्डीचे. मी पुढील बैठकीत आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीपुढे हा प्रस्ताव ठेवणार आहे. गुहागर, चिपळूण, रत्नागिरी, मालवण येथील संयोजकांनीही तो विचारात घ्यावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त गणित शिक्षिका, दापोली