तिरोलकर आणि तिरोली टोपी

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला आल्प्सच्या सहलीवरचा लेख आवडला. फक्त टोपीवाल्या आजोबांच्या छायाचित्राखालची ओळ खटकली: ‘टायरोलीज वेशातील बव्हेरियन शेतकरी’. हे म्हणजे पुणेरी पगडीतला इंदूरकर झाले! टायरोलीज म्हणजे तिरोलचा, आणि आल्प्समधला हा तिरोल जर्मनीतल्या बव्हेरियात नाही. इन्सब्रुककडचा भाग ऑस्ट्रियात आहे. ब्रेनर खिंडीच्या दक्षिणेचा, बोल्झानोकडचा मुलूख १९१९च्या सेंट जर्मेन तहाने इटलीला मिळाला, आणि तिथे अजूनही बहुतेकांच्या घरी जर्मनच बोलतात. नेपोलियनच्या आशीर्वादाने बव्हेरियाने काही वर्षे तिरोल बळकावला होता खरा. त्याविरुद्ध १८०९ साली आंद्रेआस होफर या खाणावळवाल्याने बंड पुकारले आणि पुढल्या वर्षी त्याला गोळ्या घालण्यात आल्या. त्या लोकांना बव्हेरियन म्हणताना जरा जपून.

आता शब्दाचे. ‘टायरोलीज’ कशाला? सुळक्यावरून सुळक्यावर दोराने जाणारी आपली गिर्यारोहक मंडळी ‘टायरोलियन ट्रॅव्हर्स’ म्हणतात, ते तांत्रिक नाव आहे, राहू द्या. माणसांसाठी मात्र मराठीत सोय आहे. जर्मनमध्ये तिथल्या माणसालाही ‘तिरोलर’ आणि टोपीलाही ‘तिरोलर’च. आपण माणूस आणि वस्तू वेगळी ठेवतो: कोल्हापूरकर माणूस, कोल्हापुरी चप्पल. तसेच तिरोलकर माणूस आणि तिरोली टोपी. कानाला काही वावगे वाटत नाही.

लेखात ‘डिर्न्डल’ला, म्हणजे तिकडच्या बायकांच्या पारंपरिक पोशाखाला, नुसता झगा म्हटले आहे. मुळात हा शब्द ‘पोरगी’ या अर्थाचा. तो पुढे तिच्या अंगावरच्या कपड्याला चिकटला. आपल्याकडे उलटे झाले, कपड्यावरून पोर ‘परकरी’ झाली.

शिवाय तिरोलचा म्हणून एकच पोशाख नाही, दरीगणिक तो बदलतो. बोल्झानोजवळच्या सार्नटाल दरीत मोराच्या पिसाचा कणा चिरून त्याचे बारीक धागे काढतात आणि त्यांनी चामड्याच्या रुंद पट्ट्यावर भरतकाम करतात. असा पट्टा वर्षानुवर्षे टिकतो. तिथल्या पुरुषांच्या टोपीची दोरीही बोलकी: लाल असेल तर गडी अविवाहित, हिरवी असेल तर संसारी.

छापील कागदावर आजोबांच्या टोपीची दोरी काळपट दिसते. मूळ छायाचित्र हाताशी असेल तर रंग कोणता ते जरूर कळवावे.

आपला,
एक वाचक, सांगली